काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे राज्य

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळात एक लहानसा वाद झाला. नाट्यगीतांच्या कार्यक्रमास ऐन वेळी पेटीवाले मिळाले नाहीत, म्हणून एका सभासदांच्या चिरंजीवाने आपला की-बोर्ड आणून रंगमंचावर मांडला आणि वेळ निभावून नेली. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी एक निवृत्त वडीलधारे गृहस्थ त्या यंत्राकडे पाहून म्हणाले, "काही म्हणा, ही पेटीच आहे. भात्याच्या जागी वीज, एवढाच फरक." चिरंजीवांस हे मुळीच मानवले नाही. हे यंत्र सिंथेसायझरच्या घराण्यातले आहे, त्यातून जगातला कोणताही आवाज निघू शकतो, आणि पेटीशी त्याचे नाते जोडणे बरोबर नाही, असे त्यांनी अदबीने पण ठासून सांगितले. आम्ही दोघांच्याही म्हणण्यावर मान डोलावली. सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या मनुष्यास ही कला आपोआप साधते. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. पुढे काही महिने मिळेल ते वाचून आणि ऐकून आम्ही या वाद्याचा इतिहास धुंडाळला, तेव्हा असे आढळून आले की त्या वादात दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. या यंत्राचा जन्म झाला तेव्हा ते पेटी नव्हते. बाजाराने त्याची पेटी केली. ती कशी केली, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करण्याचे प्रयत्न तसे जुनेच. अमेरिकेतील आरसीए कंपनीचे हॅरी ओल्सन आणि हर्बर्ट बेलार या दोघांनी एक प्रचंड यंत्र सिद्ध केले, आणि त्याची दुसरी आवृत्ती 1957 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बसविण्यात आली. खोलीची एक सबंध भिंत व्यापणाऱ्या त्या यंत्रास कागदी फितीवर भोके पाडून हुकूम द्यावे लागत. रचनाकाराने आधी भोके पाडावयाची, मग ती फीत यंत्रातून जाऊ द्यावयाची, आणि मग आपण काय मागितले होते ते ऐकावयाचे. असल्या यंत्रावर विद्वान काम करू शकत, वादक करू शकत नव्हता. ते विकत घेण्याचा तर प्रश्नच नव्हता.

ज्या गृहस्थांनी हे चित्र पालटले त्यांचे नाव रॉबर्ट मोग. इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडील बहुतेक मंडळी त्यांस 'मूग' म्हणतात, आणि मग मूग गिळण्याचे विनोद होतात. परंतु ते स्वतः आपल्या नावाचा उच्चार 'मोग' असाच करीत. आमच्या गोमंतकीय मित्रांस हे कळल्यावर फार आनंद झाला, कारण कोकणीत मोग म्हणजे प्रेम. असो. मोग यांचा जन्म 1934 मध्ये न्यूयॉर्क येथे झाला, आणि विद्यार्थिदशेतच ते वडिलांसमवेत थेरेमिन नावाचे वाद्य तयार करून विकू लागले. हे वाद्य मूळ लेव तेरमेन या रशियन संशोधकाचे. त्यास तार नाही, पडदा नाही, पट्टी नाही. वादकाने दोन धातूच्या दांड्यांजवळ हवेत हात हलवावयाचा. एका हाताने स्वर चढतो-उतरतो, दुसऱ्याने तो लहानमोठा होतो. म्हणजे स्वर आणि स्वर यांच्यामध्ये कुंपण म्हणून कोठे नाहीच. वाद्य सगळे मींडेचेच. पुढे ज्यांच्या नावाने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची यंत्रे जगभर गेली, त्या मोग यांच्या धंद्याचा आरंभ अशा पट्टीविरहित वाद्याने झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

1964 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील ट्रूमन्सबर्ग या खेड्यात मोग आणि संगीतरचनाकार हर्बर्ट डॉइच हे दोघे काही दिवस एकत्र बसले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मोग यांनी आपली कल्पना ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत मांडली. कल्पना सांगावयास सोपी आहे. स्वर उत्पन्न करणाऱ्या विद्युत् मंडलास आपण आंदोलक म्हणू. त्यास दिलेला विद्युद्दाब वाढविला की स्वर चढावा आणि कमी केला की उतरावा, अशी योजना मोग यांनी केली, आणि त्याचे मापही ठरविले: एका व्होल्टास एक सप्तक. दाब एका व्होल्टाने वाढला की मध्य षड्जाचा तार षड्ज होतो. अर्ध्या व्होल्टास जवळजवळ तीव्र मध्यम येतो. यात खरी मौज ही की, शून्य आणि एक व्होल्ट यांच्या दरम्यान जितके म्हणून दाब संभवतात तितके स्वर या यंत्रात संभवतात. अतिकोमल ऋषभ, चढा गांधार, आणि दोन श्रुतींच्या मधला ज्यास आपल्या शास्त्रातही नाव नाही असा स्वर, हे सर्व त्या आंदोलकास सारखेच. आवाजाचा लहानमोठेपणा आणि त्याचा पोत हेही याच दाबाने नियंत्रित होतात. आणि एका मंडलाचा दाब तारेने दुसऱ्या मंडलास देता येतो, म्हणून एक आंदोलक दुसऱ्या आंदोलकाचा स्वर डोलवू शकतो.

पोताविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण पुढील भांडणे त्यावरूनच झाली. आंदोलकातून करवतीच्या दात्यांसारखी लहर काढली तर ती कर्कश असते, कारण मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर तीत भरून असतात. मोग यांनी ती लहर एका विद्युत् गाळणीतून नेली. गाळणी जसजशी मिटत जाते तसतसे वरचे उपस्वर गळतात आणि आवाज गोल, भरीव होतो. ती उघडली की झळाळतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा किंचित सरकविला असता जो चमत्कार होतो, तो ज्याने ऐकला आहे त्यास हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकीवर एक रचून केलेल्या या गाळणीचे पेटंट मोग यांस 1969 मध्ये मिळाले. मोगच्या यंत्राचा आवाज म्हणून जाणकार ज्याची वाखाणणी करतात, तो बव्हंशी या शिडीचा आवाज आहे.

आता पट्ट्यांकडे वळू. एवढे स्वातंत्र्य असलेल्या यंत्रावर वादकाने हात ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न ट्रूमन्सबर्गमध्ये उपस्थित झालाच. उत्तर मिळाले ते पियानोच्या पट्ट्यांचे. डॉइच यांस पट्ट्या हव्या होत्या, आणि लोकांच्या हातास ओळखीचे काही असल्यावाचून हे वाद्य पोचणार नाही, हे मोग यांस पटले. वास्तविक सरकत्या स्वरासाठी बोट फिरविण्याची एक लांब फीतही त्यांच्या यंत्रास जोडता येत असे. परंतु प्रदर्शनात आणि छायाचित्रात पुढे राहिल्या त्या पट्ट्याच.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकास, सॅन फ्रान्सिस्को येथे, डॉन बुकला हा तरुण जवळजवळ त्याच वेळी तेच यंत्र निराळ्या बुद्धीने घडवीत होता. तेथील टेप म्युझिक सेंटरचे मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमॉन सेंडर यांनी त्यास हे काम सांगितले, आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अनुदानातून 500 डॉलर दिले. बुकलाने पियानोच्या पट्ट्या लावण्याचे नाकारले. त्याचे म्हणणे असे की, नव्या वाद्यास जुन्या वाद्याचा चेहरा दिला की वादक त्यावर जुनेच संगीत वाजवील. म्हणून त्याने धातूचे स्पर्शफलक बसविले. बोट लागताच त्यांतून दाब मिळावयाचा, पण कोणत्या फलकाने कोणता स्वर द्यावयाचा हे वादकाने स्वतः ठरवावयाचे. 'सिंथेसायझर' हा शब्ददेखील त्यास आवडत नसे, कारण त्यात नकलेचा वास येतो. या यंत्रावर सबॉटनिक यांनी 1967 मध्ये 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' ही सबंध ध्वनिमुद्रिका रचली. ती आम्ही तीनदा ऐकली. पहिल्या वेळी डोके दुखले हे प्रांजळपणे सांगतो. तिसऱ्या वेळी असे वाटले की पावसाळ्यात रात्री शेताच्या बांधावर उभे राहून जे ऐकू येते त्याच्याशी याचे काही नाते असावे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी, कारण बुकलाने घेतलेला आक्षेप आपल्याकडे त्याच्या आधी चोवीस वर्षे घेण्यात आला होता. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी केली. कारणे अनेक सांगितली गेली, परंतु सांगीतिक आक्षेपाचा गाभा हा की, पेटीचे बारा स्वर कारखान्यात कायमचे ठरून गेलेले असतात, त्यांत श्रुती नाहीत आणि त्यांच्यामध्ये मींड नाही. ही बंदी 1971 पर्यंत चालली. त्या एकतीस वर्षांत नाटकमंडळींच्या पिटातून ऑर्गन हलला नाही, कीर्तनातून पेटी गेली नाही, आणि आकाशवाणीचे कलावंतदेखील घरी पेटीवरच शागिर्दांस शिकवीत राहिले. आमचे मत विचाराल तर बंदी अयोग्य होती, आक्षेप मात्र खोटा नव्हता. अमेरिकेत असा प्रश्न कोणा खात्याने निकालात काढला नाही. तो बाजाराने काढला, आणि बाजाराचा निकाल आपल्या परिपत्रकांपेक्षा पुष्कळ लवकर अमलात येतो.

तो निकाल लावणारी घटना 1968 च्या अखेरीची. वेंडी कार्लोस यांनी मोगच्या यंत्रावर बाखच्या रचना वाजविलेली 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका त्या वेळी निघाली. यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघे. म्हणून प्रत्येक स्वरपंक्ती स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून त्या एकमेकींवर रचाव्या लागल्या. मुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि तिला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. ज्यांस या यंत्राची भीती वाटत होती त्यांस दिसले की यावर बाख वाजतो, म्हणजे हे वाद्य आहे; आणि बाख वाजतो तो पट्ट्यांवर. बुकलाचे यंत्र त्या दिवशी बाजारातून बाहेर पडले म्हणावयास हरकत नाही. 1969 मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीने त्याची योजना विकत घेतली खरी, पण लवकरच तिचा नाद सोडला. बुकला 2016 मध्ये वारला, आणि अखेरपर्यंत तो थोड्या लोकांसाठी थोडी यंत्रे करीत राहिला.

कार्लोस यांच्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या हातांनी पट्ट्यांचे राज्य स्थापन केले, ते हात पुढे त्या राज्यात रमले नाहीत. 1986 मध्ये 'ब्यूटी इन द बीस्ट' या मुद्रिकेत त्यांनी बारा समान अंतरांची स्वरव्यवस्था टाकून देऊन स्वतःची सप्तके रचली, आणि बाली बेटावरील स्वरांतरांचाही आश्रय केला. ती मुद्रिका बाखइतकी खपली नाही, हे ओघानेच आले.

मोग यांची पहिली यंत्रे कपाटाएवढी असत, आणि त्यांवरील तारांचे जाळे पाहून टेलिफोन एक्स्चेंजची आठवण व्हावी. 1970 मध्ये त्यांचे सहकारी बिल हेमसाथ यांनी पडून असलेल्या सुट्या भागांतून एक लहान यंत्र जुळविले. तारा आतच जोडून टाकलेल्या, आणि पट्ट्या यंत्रास कायमच्या चिकटलेल्या. हाच मिनिमोग. त्याची किंमत 1,495 डॉलर होती. डेव्हिड व्हॅन कोव्हेरिंग नावाच्या हुन्नरी विक्रेत्याने तो वादकांस दाखवून आणि वाद्यांच्या दुकानदारांच्या गळी उतरवून विकला. 1981 पर्यंत सुमारे 12,000 मिनिमोग तयार झाले. पट्ट्यांच्या डाव्या बाजूस त्यावर दोन लहान चाके होती, आणि त्यांपैकी एक फिरविले असता वाजत असलेला स्वर वर किंवा खाली सरकत असे. बारा पट्ट्यांच्या भिंतीस पडलेली ही एक खिडकीच म्हणावयाची. उजव्या हाताने पट्टी आणि डाव्या हाताने मींड, अशी ही सोय पुढे जगातील बहुतेक सर्व कारखान्यांनी उचलली. मोग कंपनीने तिचे पेटंट घेतले नव्हते.

मिनिमोग खपू लागला, पण त्याचा लाभ मोग यांस झाला नाही. कर्ज वाढल्यामुळे 1971 मध्येच त्यांनी कंपनी विकली होती. ती ट्रूमन्सबर्गहून बफेलोजवळ गेली आणि नंतर नॉर्लिन या मोठ्या उद्योगाच्या हाती पडली. मोग तेथे नोकर म्हणून राहिले आणि 1977 मध्ये बाहेर पडले. बाहेर पडल्यावर स्वतःच्या नावाने वाद्य विकण्याचा अधिकार त्यांस उरला नव्हता. ते नॉर्थ कॅरोलायनात जाऊन पुन्हा थेरेमिन करू लागले, आणि आपले नाव आपल्या पाटीवर लावण्याचा हक्क त्यांस 2002 मध्ये परत मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 2005 मध्ये, त्यांचे निधन झाले.

या काळात मोगचे खरे प्रतिस्पर्धी होते ते ॲलन रॉबर्ट पर्लमन. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या यंत्रांस 'आर्प' हे नाव पडले. पर्लमन हे अमेरिकेच्या अंतराळ-कार्यक्रमासाठी वर्धक तयार केलेले अभियंते, आणि त्यांनी मोगचे मर्मस्थान अचूक हेरले. मोगचा आंदोलक स्थिर राहत नसे. खोली तापली, रंगमंचावरील दिवे तापले, की स्वर ढळावयाचा. आपला तंबोरा दमट हवेत उतरतो त्यातलाच प्रकार, फरक एवढाच की येथे खुंटी पिळण्यास वेळ नसे. पर्लमन यांनी 1969 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कंपनी काढली आणि स्थिर आंदोलक ही तिची जाहिरातच केली. 1970 च्या 'आर्प 2500' मध्ये तारांऐवजी सरकत्या कळा होत्या. 1971 चा 'आर्प 2600' शाळा-महाविद्यालयांतून शिक्षणासाठी गेला. आणि 1972 चा 'ओडिसी' सरळ मिनिमोगच्या समोर उभा राहिला, त्यातून एका वेळी दोन स्वर निघत. 1977 हे वर्ष आर्पच्या वैभवाचे. 'स्टार वॉर्स' मधील आर2-डी2 या यंत्रमानवाची चिवचिव 2600 वर तयार झाली होती, आणि 'क्लोज एन्काउंटर्स' मध्ये परग्रहावरील पाहुण्यांशी पाच स्वरांत संभाषण करणारे यंत्र पडद्यावर दिसते, तो प्रत्यक्ष आर्प 2500 होय.

दोन्ही कंपन्यांचे भांडण मोठे मनोरंजक आहे. आर्पच्या एका गाळणीची रचना मोगच्या शिडीसारखीच होती. मोगच्या बाजूने हरकत घेतली गेली, आणि आर्पने पुढे निराळी गाळणी बसविली. आज जुन्या ओडिसी यंत्रांच्या बाजारात ही हरकतीची गाळणी असलेल्या यंत्रांस काही लोक मुद्दाम शोधतात. मींडेसाठी मोगचे चाक होते, तर ओडिसीवर आरंभी एक गोल खुंटी होती. वादकांस ती गैरसोयीची वाटली, तेव्हा आर्पने बोटाने दाबावयाच्या मऊ गाद्या बसविल्या. वर्षानुवर्षे दोन हुशार कारखाने अशा रीतीने एकमेकांच्या खुंट्या मोजत राहिले. पट्ट्या मात्र दोघांच्याही सारख्याच होत्या, आणि त्यांविषयी वाद नव्हता.

आर्पचा शेवट कशाने झाला हे वाचून आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले. गिटारच्या तारेवर ओढलेली मींड जशीच्या तशी आंदोलकास समजावी, असे 'अवतार' नावाचे यंत्र आर्पने 1977 मध्ये काढले. हे नाव आपले, आणि कल्पनाही आपल्या मनाजोगी. परंतु तारेच्या कंपनातून स्वर ओळखणे त्या वेळच्या मंडलांस नीट साधले नाही, गिटारवाल्यांनी ते घेतले नाही, आणि त्यात इतका पैसा बुडाला की कंपनी पुन्हा उभी राहू शकली नाही. 1981 मध्ये आर्पचे दिवाळे निघाले. पट्ट्यांच्या राज्यातून बाहेर पडण्याचा जो एक मोठा प्रयत्न एका मोठ्या कंपनीने केला, त्यातच ती संपली. व्यवस्थापनाच्या चुका आणखीही होत्या; तथापि हा घाव मोठा.

एव्हाना बाजार पुढे गेला होता. 1978 मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल कंपनीने 'प्रॉफेट-5' आणला. त्यातून पाच स्वर एकदम निघत, आणि जमविलेले आवाज यंत्राच्या स्मरणात राहत. तोवर मिनिमोगवाला आपल्या खुंट्यांच्या जागा कागदावर लिहून ठेवी. पाच स्वर एकदम म्हणजे पाश्चात्त्यांची स्वरसंगती आली, आणि स्वरसंगती म्हटली की पट्ट्या हव्यातच. जपानात इकुतारो काकेहाशी यांनी 1972 मध्ये स्थापन केलेली रोलंड, तसेच कोर्ग आणि यामाहा या कंपन्या अशीच यंत्रे अधिक स्वस्त आणि अधिक टिकाऊ करू लागल्या होत्या.

आणि मग 1983 मध्ये या राज्यास घटना मिळाली. निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून स्मिथ आणि काकेहाशी यांच्या पुढाकाराने 'मिडी' नावाचा समान संकेत ठरला. त्याचे उपकार मोठे आहेत. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून, त्यावर स्वामित्वशुल्क न लावता, असा करार करणे ही आजही दुर्मिळ गोष्ट आहे. पण त्याचे पहिले कलम वाचावे. मिडीच्या भाषेत स्वर म्हणजे पट्टीचा क्रमांक. शून्यापासून 127 पर्यंत क्रमांक आहेत, मधला सी साठावा, आणि साठ व एकसष्ट यांच्यामध्ये काही नाही. चाकाने स्वर सरकविण्याची सोय आहे, परंतु ती पुरवणी म्हणून, आणि एका चाकाने त्या मार्गावरील सर्व स्वर एकदम हलतात. निराळ्या स्वरांतरांसाठी 1992 मध्ये एक जोडपत्र निघाले. प्रत्येक बोटास स्वतंत्र मींड देण्याची सोय 2018 मध्ये संमत झाली. आधी नियम करून टाकावा आणि मग पस्तीस वर्षे त्यास अपवाद जोडीत बसावे, ही पद्धत आम्हांस परकी वाटली नाही.

त्याच वर्षी यामाहाचा 'डीएक्स-7' आला आणि जुन्या यंत्रांचा खेळ आटोपला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी 1967 मध्ये असे शोधून काढले होते की, एका आंदोलनाने दुसऱ्याचे अतिशय वेगाने कंपन केले तर केवळ गणिताने घंटेसारखे, पितळेसारखे आवाज मिळतात. अमेरिकन ऑर्गन-कारखान्यांनी ही कल्पना नाकारली, यामाहाने घेतली, आणि त्या पेटंटापासून विद्यापीठास दोन कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. डीएक्स-7 ची किंमत 2,000 डॉलरांच्या आत, स्वर सोळा, आणि ढळणे मुळीच नाही. तो दीड लाखाहून अधिक खपला. 1987 पर्यंत सिक्वेन्शियल बंद पडली, आणि मोग कंपनीचेही उत्पादन संपले. ज्या आंदोलकांच्या स्थैर्यासाठी पर्लमन झटले, ते आता अडगळ म्हणून विकले जाऊ लागले.

त्या अडगळीतच रोलंडची 'टीबी-303' ही चंदेरी डबी होती. एकट्या गिटारवाल्यास खर्जाची साथ मिळावी म्हणून ती काढली. तशी साथ तिला साधली नाही, आणि 1984 मध्ये, सुमारे 10,000 झाल्यावर, ती बंद झाली. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक सोय तीत होती. शिकागोतील काही तरुणांनी ती जुन्या मालातून स्वस्तात घेऊन तिच्या गाळणीच्या खुंट्या वाजतावाजता पिळल्या, आणि 1987 च्या 'ॲसिड ट्रॅक्स' पासून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार सुरू झाला.

परंतु त्याच्या पाच वर्षे आधी मुंबईत एका माणसाने हीच डबी निराळ्या कानाने ऐकली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादक. त्यांनी रोलंडची तीन यंत्रे मिळविली आणि 1982 मध्ये त्यांवर भैरव, ललित, यमन इत्यादी दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. खाली यंत्राचा ठेका, वर रागाचे स्वर, आणि ते स्वर घसरत, वळत जाणारे. ती खपली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशी रसिक चकित झाले आणि शिकागोचा मान मुंबईस द्यावा की काय, अशी चर्चा झाली. आम्हांस तो वाद गौण वाटतो. चित्रपटांत वाजविण्यात आयुष्य घालविलेल्या या गृहस्थांस त्या फसलेल्या डबीत मींड दिसली, हे अधिक महत्त्वाचे. 2015 मध्ये ते वारले.

आपल्या देशात मोगचे यंत्र मात्र त्याही पूर्वी आले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते बसवून दिले, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. गीताबेन स्वतः पखवाज शिकलेल्या. 1946 मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांस हिंदुस्थानी संगीत शिकविणाऱ्या त्याच. म्हणजे स्वर कोठेही थांबवू शकणारे यंत्र आणि स्वर कोठे थांबवावा हे जाणणारे कान एका खोलीत आले होते, आणि ते नेमके त्या काळी, जेव्हा आकाशवाणीवर पेटीस बंदी होती. चारपाच वर्षांतच ते काम थांबले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल परगस यांनी त्या शोधून काढल्या आणि 2023 मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्या प्रयोगच आहेत, काही कच्चे, काही अवीट. परंतु त्यांतून परंपरा झाली नाही. सिंथेसायझर आपल्याकडे रुजला तो पुढे, चित्रपटांच्या आणि लग्नाच्या वाद्यवृंदांतून, जपानी पट्ट्यांच्या रूपाने.

परदेशात आज या जुन्या यंत्रांस पुन्हा मान आला आहे. मिनिमोग 2016 आणि 2022 मध्ये पुन्हा काढण्यात आला, ओडिसी 2015 मध्ये कोर्गने काढला, प्रॉफेट 2020 मध्ये आला. गणिताने अचूक असलेल्या आवाजास कंटाळलेले लोक आता तो ढळणारा स्वर मागतात. नव्या यंत्रांत तो मुद्दाम ढळावा अशी कळही असते. मोग कंपनी 2023 मध्ये आणखी एका उद्योगाच्या ताब्यात गेली.

हिंदुस्थानी गवयाने मनापासून स्वीकारलेले विजेचे वाद्य एकच, आणि त्यास पट्ट्या नाहीत. बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी 1979 च्या सुमारास विजेवर चालणारी श्रुतिपेटी सिद्ध केली, आणि त्याच मार्गाने आलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आज बहुतेक मैफलीत गायकाच्या मागे असतो. त्यावर एक बारीक खुंटी असते, आणि ती फिरवून 'काळी चारच्या किंचित वर' असा कोणत्याही पेटीत नसलेला षड्ज लावता येतो.

त्या दिवशी आमच्या रंगमंचावरही तो होता. गाणाऱ्या ताईंनी आपला स्वर लावून घेतला तो असाच, काळी चारच्या किंचित वर. मग चिरंजीवांनी की-बोर्डची पट्टी दाबली आणि दोन्ही स्वर एकमेकांवर घासू लागले. की-बोर्डचा स्वर चढविण्याची सोय आत कोठेतरी आहे असे ते म्हणाले, पण ती सापडेना, आणि अध्यक्षांचे भाषण संपत आले होते. शेवटी ताईंनीच हात मागे नेऊन तंबोऱ्याची खुंटी फिरविली, षड्ज पट्टीवर आणून बसविला, एकदा त्यात गळा मिळवून पाहिला आणि नांदी सुरू केली.